पापुद्रा सुटला का?

नमस्कार श्रोतेहो. तुमच्यातल्या जुन्या मंडळींना बाळ ज. पंडितांची क्रिकेटची मराठी कॉमेंट्री आठवत असेल. मैदान दिसत नसायचं, तरी चेंडू कुठे गेला ते घरबसल्या कळायचं. वेबसाइटवरच्या चित्रांसाठी हेच काम कुणालातरी करावं लागतं. आज त्याविषयी.

माझा एक मित्र जन्मापासून अंध आहे. त्याचा फोन पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो. त्या सोयीला स्क्रीन रीडर म्हणतात. चित्र आलं की मात्र फोनला चित्रासोबत लिहून ठेवलेले शब्द लागतात, म्हणजे ऑल्ट टेक्स्ट. ते नसले तर कधी कधी फाइलचं नावच ऐकू येतं, "आयएमजी अंडरस्कोर चार सात दोन..." असलं काहीतरी. मागे एका जत्रेची अख्खी पत्रिका चित्र म्हणून टाकली होती आणि ऑल्टमध्ये एकच शब्द, "पत्रिका". पालखी किती वाजता निघणार, ते विचारायला बिचाऱ्याने मला फोन केला. चित्रात अक्षरं असतील तर ती लिहायलाच हवीत, त्यात आळस चालत नाही.

हा आळस सिडनीत महागात पडला होता. २००० च्या ऑलिंपिकच्या वेबसाइटवर चित्रांना ऑल्ट टेक्स्ट नव्हतं. ब्रूस मॅग्वायर या अंध गृहस्थांनी तक्रार केली, ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाने ती मान्य केली आणि आयोजकांना २० हजार डॉलर भरपाई द्यायला लावली.

मग लिहायचं काय? ते चित्र त्या जागी कशाला ठेवलंय, ते. भिंगाच्या बटणाला "भिंग" नको, "शोधा" लिहा. नुसती शोभेची वेलबुट्टी असेल तर ऑल्टची जागा ठेवा, पण रिकामी. म्हणजे फोन गुपचूप पुढे जातो. आणि "याचा फोटो, त्याचा फोटो" लिहू नका. चित्र आहे, एवढं त्या फोनला कळतं!

मी स्वतः एका पाककृतीच्या पानावर "ज्वारीची भाकरी" एवढंच लिहून मोकळी झाले होते. नंतर माझं मलाच पटेना. बदलून लिहिलं, "तव्यावर टम्म फुगलेली ज्वारीची भाकरी, वर तपकिरी ठिपके." मोठ्या कौतुकाने मित्राला ऐकवलं.

तो म्हणाला, "ठिपक्यांचं मी काय करू? पापुद्रा सुटलाय का, ते लिही की."