अडलेलं डिशवॉशर कशाची वाट पाहतंय?

मंडळी, डिशवॉशर मध्येच अडलं की आपला हात आधी बटणाकडे जातो. बंद करायचं, पुन्हा सुरू करायचं. माझी विनंती आहे, दोन मिनिटं थांबा. यंत्र कुठल्या टप्प्यावर अडलंय हा आपल्या हातातला सगळ्यात मोठा धागा असतो, आणि बटण दाबताच तो तुटतो. पडद्यावर एखादा आकडा किंवा अक्षर आलं असेल तर लिहून ठेवा. मग दार हळूच उघडा. आत वाफ असते, चेहरा लांब ठेवा.

पाणी घ्यायचं, तापवायचं, फवारायचं, उपसून टाकायचं, पुन्हा विसळायचं, असा या यंत्राचा क्रम. एक काम पुरं झाल्याची खूण मिळाली की मगच ते पुढचं काम हाती घेतं. अडलं म्हणजे ती खूण आलेली नाही. आपण शोधायची ती हीच.

आत हात लावून पाहा. भांडी गार आहेत, तळाशी पाणी आहे, फवाऱ्याचा आवाज मात्र तासन्‌तास चाललाय आणि उरलेल्या वेळेचा आकडा हलत नाही? मग माझा पहिला संशय पाणी तापवण्यावर. पुष्कळ यंत्रं पाणी ठरलेल्या तापमानाला, प्रोग्रॅमप्रमाणे ५० ते ७० अंशांना, पोचेपर्यंत पुढे सरकत नाहीत. हीटर जळाला असेल तर ते तापमान येणारच नाही. कधी हीटर धडधाकट असतो, पण तापमान मोजणारा सेन्सर चुकीचं सांगतो. पाणी कढत असूनही गाडी तिथेच अडलेली असेल, तर बोट सेन्सरकडेच जातं. मल्टिमीटर वापरता येत असेल तर प्लग काढून, तारा सोडवून हीटरचा रोध मोजा. २३० व्होल्टवरच्या १८०० वॅटच्या हीटरचा रोध २९ ओहमच्या आसपास यायला हवा. मीटरने अनंत दाखवलं, तर हीटर तुटलेला आहे.

आता तळाशी गढूळ पाणी तुंबलेलं असेल तर. जाळीखालच्या खळग्यात थोडं पाणी राहतंच, त्याने घाबरू नका. पण पाणी जाळीच्या वर आलं असेल, तर उपसा झालेला नाही. प्लग काढा, स्पंजने पाणी टिपून घ्या, जाळी फिरवून बाहेर काढा. खळग्यात हात घालण्याआधी जाड हातमोजे घाला, हे मी कळकळीने सांगतो, कारण तिथे फुटलेल्या ग्लासाची कच बसलेली असते. एका यंत्रात नखाएवढी काच पंपाच्या पंख्यात अडकलेली मी पाहिली आहे. पंप नुसता घुं घुं करायचा. पंखा बोटाने फिरवताना थोडा टप्प्याटप्प्याने अडखळतो, ते आतल्या चुंबकामुळे. तो बिघाड नव्हे. पंखा मोकळा असेल तर मागचा पाइप दुमडलाय का बघा. यंत्र भिंतीला टेकवताना तो हमखास चेपतो.

सुरुवातीलाच अडलं असेल तर तोटी पूर्ण उघडी आहे का, आणि पाणी आत येण्याच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी गाळाने भरलीय का, एवढं तपासा.

एक लक्षण मात्र वेगळं ओळखा. आत पाणी नाही, तरी उपसण्याचा पंप थांबतच नाही. कित्येक यंत्रांच्या तळाखाली एक ट्रे असतो आणि त्यात तरंगता खटका. कुठून तरी गळून ट्रेमध्ये पाणी साचलं की खटका वर उचलला जातो. यंत्र नवं पाणी घेणं थांबवतं आणि उपसत राहतं. हातानं भांडी घासायचा साबण घातला, तरी फेस उतू जाऊन हेच होतं. ट्रे कोरडा केला की यंत्र चालू होईल, पण गळती तशीच असेल तर दोन दिवसांनी पुन्हा अडेल. तेव्हा प्लग काढा, तोटी बंद करा, आणि दुरुस्तीला येणाऱ्याला तीन गोष्टी सांगा: कितव्या मिनिटाला अडलं, भांडी गार होती की गरम, आणि तळात पाणी किती होतं.