कार्डावर डोस आहे, अंगात आहे का?

सिस्टर गोवर-रुबेलाची कुपी उघडते. तळाशी चिमूटभर पावडर. त्यात द्रावण सोडते, कुपी हळूच फिरवते, लेबलवर वेळ लिहिते. चार तासांत संपली नाही तर उरलेली लस टाकून द्यायची.

"बाय, कार्ड आणलंस ना?"

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या गावातली ही आई. मूल सोळा महिन्यांचं. तिला एचआयव्ही आहे. औषधासाठी वाळपईहून कदंबची बस धरून ती बांबोळीला गोमेकॉत, गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, जाते, शेजारणीला भलतंच कारण सांगून. बाळ सहा आठवड्यांचं असताना टाच टोचून रक्ताचे थेंब जाड कागदावर घेतले, वाळवले, तपासायला पाठवले. निगेटिव्ह. पक्कं उत्तर अठराव्या महिन्यात.

बाळ वाचलं, तरी एक गोष्ट राहते. प्रत्येक बाळ जन्माला येताना वारेतून आईची प्रतिपिंडं, रोगाशी लढणारी प्रथिनं, घेऊन येतं. आईला एचआयव्ही असेल तर ही शिदोरी बऱ्याचदा तोकडी पडते. गोवराची, डांग्या खोकल्याचीही. म्हणून सहा, दहा, चौदा आठवड्यांचे डोस अशा बाळाला एक आठवडाही उशिरा नकोत. आणि दिलासा हा, की लस त्यांच्या अंगी चांगली लागते.

ज्या मुलांना जन्मतःच संसर्ग झाला, त्यांचं मात्र वेगळं. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एचआयव्हीबाधित आयांची सात ते पंधरा वर्षांची मुलं तपासली. आईकडून संसर्ग न झालेल्यांपैकी ९९ टक्के मुलांना गोवरापासून संरक्षण होतं. संसर्ग झालेल्यांत फक्त ५७ टक्के. डोस तर दिलेले होते! पण अनेकांना ते एचआयव्हीचे प्रभावी उपचार सुरू होण्याआधी मिळाले होते. लसीची आठवण ज्या पेशींनी धरायची, त्यांनाच विषाणू खात होता. उपचारांनी त्या पेशी सावरल्यावर दिलेला डोस टिकतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना अशा मुलांना पुन्हा गोवराची लस द्यायला सांगते, आणि बाधित आईच्या बाळाला सहाव्या महिन्यातच एक जादा डोस.

पण हे ठरवायचं कुणी? लस टोचणाऱ्या सिस्टरला ठाऊकच नसेल तर? या बाळाच्या कार्डावर तसं काही लिहिलेलं नाही, आणि आईची गोष्ट फुटू नये म्हणून २०१७चा एचआयव्ही कायदा आहे. तो हवाच. मग उरतो फक्त आईचा विश्वास.

बाळाच्या दंडावर सुई टेकते. रडं. सिस्टर कार्डावर तारीख घालते.

"सिस्टर, थोडं बोलायचं होतं."

सिस्टर कुपी बर्फात ठेवते. उठून दार लोटून घेते.