वैशाखात हिरवं काय उरतं?

मागं ऐकू येतंय ना? बरं.

अध्यक्षांनी माझी ओळख ‘कोळसा खाणीतले तज्ज्ञ’ अशी करून दिली. खाणीत मी कधी उतरलो नाही. कोळसा संपला की खड्डा बुजवतात, काढलेल्या माती-दगडाचे डोंगर उतरते करतात, त्यावर झाडं लावतात. ती पुढं जगली का, ते मी उपग्रहाच्या चित्रांवरून आणि प्रत्यक्ष जाऊन बघतो. म्हणजे लग्नात वाढपी नाही, पण दहा वर्षांनी संसार कसा चाललाय विचारायला हजर. (हशा)

‘बेळगावात कोळशाचं काय काम?’ असं मला येताना रिक्षावाल्यानंही विचारलं. कर्नाटकात कोळसा नाही, खरं आहे. पण बळ्ळारीच्या वीज केंद्रासाठी कर्नाटकाला मिळालेली बरांजची खाण आहे चंद्रपूर जिल्ह्यात, भद्रावतीजवळ. सीमेवरून आपण इतकी वर्षं भांडतोय, कोळसा मात्र कुणाला न विचारता सीमा ओलांडतो. असो. त्या विषयात शिरलो तर सभा उद्या सकाळी संपेल.

तर उपग्रह. उपग्रह झाड बघत नाही, उजेड बघतो. हिरवं पान तांबडा प्रकाश खातं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. परत आलेल्या अवरक्तातून तांबडा वजा करून दोघांच्या बेरजेनं भागलं की एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा आकडा निघतो, उणे १ ते अधिक १ च्या मधला. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका १० मीटर बाय १० मीटर. शेतकरी मंडळींनी हिशेब केलाच असेल, जवळजवळ बरोबर एक गुंठा! अमेरिकेच्या जुन्या लँडसॅट उपग्रहाचा ३० मीटरचा ठिपका म्हणजे नऊ गुंठे. त्या गुंठ्यात साग आहे की गाजर गवत, हे आकड्याला कळत नाही.

मलाही कळलं नव्हतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडच्या एका डंपचा, म्हणजे त्या माती-दगडाच्या डोंगराचा, नकाशा मी ऑक्टोबरच्या चित्रावरून केला होता. पाऊस गेलेला, ढग नाहीत, सगळं गच्च हिरवं. साहेबांनी तो फ्रेम करून केबिनमध्ये लावला. पुढच्या मे महिन्यात मी प्रत्यक्ष गेलो. तिकडचा वैशाख तुम्हाला काय सांगू! आपल्याकडं उन्हाळ्यात जांबोटीकडं जाऊन बसता येतं; तिथं सावलीलाही चटके बसतात. डंपवर बघतो तर पिवळं पडलेलं गवत, गाजर गवताच्या काटक्या आणि खड्ड्याखड्ड्यांत वाळलेली रोपं. माझा हिरवा रंग गवताचा होता.

सोबत तिथला राखणदार होता. त्यानं विचारलं, “सायेब, तुमच्या त्या उपग्रहाले बकऱ्या दिसतेत का?” मी उन्हात उभं राहून त्याला ठिपक्याचं शास्त्र समजावलं. त्याचं ‘काय करून राहिला’ आणि माझं ‘काय करूलालास’, पुण्यात आम्हा दोघांनाही कुणी उभं केलं नसतं, पण एकमेकांचं सगळं कळत होतं. ऐकून घेतलं त्यानं. मग उकिडवा बसला, वाळकं गवत हातानं बाजूला केलं आणि वीतभर कडुनिंबाचं रोप दाखवलं. “हे कोनी लावलं नाई. पाखरानं आनलं.” तासाभरात अशी अकरा रोपं त्यानं दाखवली. माझ्या वहीत त्यांच्यासाठी रकानाच नव्हता. वहीत फक्त लावलेली झाडं आणि त्यातली जगलेली.

चिठ्ठी आली. म्हणजे पत्रिकेत छापलेला विषय आता पाच मिनिटांत उरकायचा!

भराभर सांगतो. ऑक्टोबर आणि मे, दोन्ही चित्रं घ्या. पण सागही उन्हाळ्यात पानं गाळतो, त्यामुळं मेमधला आकडा खाली गेला म्हणजे झाडं मेली असं नव्हे. म्हणून शेजारच्या जुन्या रानाचं त्याच दिवसाचं चित्र जवळ हवं. आणि आकडा वर आहे म्हणजे झाडंच आहेत, असंही नव्हे. आपल्याकडं भात कापल्यावर मसूर येते. जानेवारीत वरून बघणाऱ्याला भात उभाच आहे असं वाटेल, तसलाच प्रकार.

दुसरं, एका वर्षाचा आकडा कशालाच धरू नका. अमेरिकेच्या १९७७ च्या कायद्यात लागवडीनंतर निदान पाच वर्षं जबाबदारी खाणवाल्याची, वर्षाला २६ इंच किंवा कमी पाऊस असेल तिथं दहा. तोवर त्याचे पैसे अडकून राहतात. आपल्याकडं रांचीची सीएमपीडीआय, म्हणजे कोल इंडियाची खाण-नियोजन करणारी कंपनी, उपग्रहानं लक्ष ठेवते. माती आणि कोळसा मिळून वर्षाला ५० लाख घनमीटरहून जास्त काढणाऱ्या खाणी दरवर्षी, लहान खाणी तीन वर्षांतून एकदा. तीन वर्षांत बकऱ्या काय करतात, हे त्या राखणदाराला विचारा.

आणि वरची सुपीक माती. ती वर्षानुवर्षं उंच ढिगात पडली की तिच्यातले जीवाणू, बुरशी मरत जातात. मग वर पसरून उपयोग थोडा. यावर खरं तर तासभर... दुसरी चिठ्ठी. बरं, थांबतो.

मोजणीच्या वहीत मी ‘आपोआप आलेली’ असा रकाना घातला, एवढं सांगून उतरतो. ते कडुनिंब? मागच्या मेमध्ये बघितलं, माझ्या खांद्याला लागतं. नकाशात तो गुंठा अजून पिवळाच आहे.