शपथ एका दिवसाची, कायदे दोन देशांचे

नमस्कार मंडळी. २०२२ साली २,२५,६२० भारतीयांनी आपलं नागरिकत्व सोडलं आणि २०२३ साली २,१६,२१९ जणांनी, असे आकडे सरकारने संसदेत दिले आहेत. आज आपण त्यातल्या एकाच वाटेबद्दल बोलू: ग्रीन कार्डावरून अमेरिकेचं नागरिकत्व घेण्याची वाट.

एक गोष्ट आधीच पक्की करून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. भारतीय नागरिकत्व कायदा १९५५ चा. त्याच्या कलम ९ नुसार, स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. त्यासाठी अर्ज लागत नाही, कुणाची सही लागत नाही. पुष्कळांना वाटतं की भारतीय पासपोर्ट जमा केला की नागरिकत्व जातं, तोवर ते आपलंच असतं. तसं नाही. अमेरिकेची शपथ पूर्ण झाली त्याच क्षणी ते गेलेलं असतं. पासपोर्ट जमा करणं ही त्यानंतरची नोंद. म्हणून शपथेच्या तारखेच्या अलीकडे काय करायचं आणि पलीकडे काय, हे ज्याने नीट मांडून ठेवलं त्याची फारशी धावपळ होत नाही.

आता अलीकडची बाजू. अर्जाचं नाव एन-४००. अठरा वर्षं पूर्ण हवीत आणि ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षं. अमेरिकन नागरिकाशी लग्न झालेलं असेल तर तीन, पण त्या तिन्ही वर्षांत दोघं एकत्र राहत असली पाहिजेत आणि जोडीदार तेवढा काळ नागरिक असला पाहिजे. मुदत संपण्याच्या ९० दिवस आधी अर्ज करता येतो. समजा कार्डावर ‘रेसिडेंट सिन्स’पुढे, म्हणजे कायमचे रहिवासी झाल्याच्या तारखेच्या जागी, १० ऑगस्ट २०२१ ही तारीख आहे. पाच वर्षं १० ऑगस्ट २०२६ ला होतात, ९० दिवस मागे गेलं की १२ मे २०२६ येते. ११ मेला अर्ज केला तर तो मुदतीआधीचा ठरतो आणि एका दिवसासाठी सगळं वाया जाऊ शकतं. दोन-चार दिवस उशिरा करण्यात काहीच बिघडत नाही, घाईत मात्र बिघडतं. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेली फी ऑनलाइन अर्जाला ७१० डॉलर आणि कागदी अर्जाला ७६० डॉलर आहे. भरण्याआधी ती यूएससीआयएसच्या, म्हणजे हे अर्ज हाताळणाऱ्या अमेरिकी सरकारी खात्याच्या, संकेतस्थळावर तपासून घ्या.

दिवस मोजण्याच्या बाबतीत लोक सर्वांत जास्त अडखळतात, कारण कायदा दोन वेगळ्या गोष्टी मोजतो. पहिली, प्रत्यक्ष हजेरी: पाच वर्षांत किमान ९१३ दिवस, तीन वर्षांच्या नियमात ५४८ दिवस अमेरिकेत असायला हवं. निघण्याचा आणि परत येण्याचा, दोन्ही दिवस हजेरीत धरले जातात. हा आकडा अर्ज दाखल करण्याच्या दिवशी पूर्ण हवा. ९० दिवसांची सवलत याला लागू नाही. दुसरी गोष्ट, सलग वास्तव्य. एका खेपेत सहा महिन्यांहून जास्त काळ बाहेर राहिलात तर वास्तव्य तुटलं असं गृहीत धरतात, आणि ते तुटलं नाही हे तुम्हाला पुराव्याने दाखवावं लागतं. भारतात आईवडिलांच्या आजारपणात सात-आठ महिने थांबलेल्या अनेकांची गाडी इथेच अडते. अशा वेळी उपयोगी पडतं ते हे: अमेरिकेतली नोकरी सोडलेली नाही, घर आपल्याच ताब्यात होतं, जोडीदार आणि मुलं तिथेच होती, तिथला कर रहिवासी म्हणून भरला. हे शेवटचं फार महत्त्वाचं. ग्रीन कार्ड हातात असताना कोणी स्वतःला अनिवासी दाखवून कर विवरणपत्र भरलं, तर त्याने वास्तव्याचा हक्क सोडला असा अर्थ काढला जाऊ शकतो.

एक वर्ष किंवा त्याहून जास्त बाहेर राहिलात तर मग पुराव्याचा प्रश्नच उरत नाही, सलगता तुटते. परत आल्यावर पाच वर्षांच्या नियमात चार वर्षं आणि एक दिवस थांबावं लागतं. ‘पण मी री-एंट्री परमिट घेतलं होतं’ असं इथे सांगितलं जातं. ते परमिट तुम्हाला परत आत येऊ देतं, नागरिकत्वासाठीची सलगता राखत नाही. ती राखण्यासाठी एन-४७० हा वेगळा अर्ज आहे आणि तो ठरावीक प्रकारच्या नोकऱ्यांनाच मिळतो. तेव्हा आजच पासपोर्टातले शिक्के आणि विमानाची जुनी तिकिटं काढून जाण्या-येण्याच्या तारखांची यादी करा. मुलाखतीच्या आदल्या रात्री ती आठवून लिहिता येत नाही.

अर्जात अटक, दंड, खटला यांबद्दल थेट प्रश्न असतात. जुनं प्रकरण मिटलं, काढून टाकलं गेलं, तरी लिहा. खुद्द प्रकरण किरकोळ असलं तरी ते लपवणं गंभीर ठरतं. दुसरी जागा मतदार नोंदणीची. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना समोर येणाऱ्या फॉर्ममध्ये मतदार होण्याची खूण असते. ती नकळत केली गेली तरी नागरिक नसताना नोंदणी झाली असा प्रश्न उभा राहतो. असं काही घडलं असेल तर अर्ज भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाला गाठा. यात काटकसर करू नका, कारण या बाबतीत अर्ज नाकारला जाण्यापर्यंत गोष्ट थांबेल असं नाही, देशाबाहेर काढण्याची कारवाईही सुरू होऊ शकते.

मुलाखतीची परीक्षा त्या मानाने सोपी. इंग्रजीत तीनपैकी एक वाक्य वाचायचं, तीनपैकी एक लिहायचं. नागरिकशास्त्राचे नियम मात्र बदलले आहेत. २० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल झालेल्या अर्जांसाठी १२८ प्रश्नांचा संच आहे, त्यातले २० पर्यंत विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात. आधीच्या अर्जांना १०० प्रश्नांतले १०, आणि ६ बरोबर. पाठांतर सगळे करतात; राज्याचा गव्हर्नर, सिनेटर ही नावं मात्र निवडणुकीनंतर बदलतात, ती ताजी करा. वयाने ६५ च्या पुढे आणि ग्रीन कार्डावर २० वर्षं काढलेल्या आजी-आजोबांना कमी प्रश्नांचा संच आणि स्वतःच्या भाषेत उत्तरं देण्याची मुभा आहे; सोबत दुभाषा न्यावा. नापास झालात तर ६० ते ९० दिवसांत दुसरी संधी मिळते. खरी फजिती होते ती एन-४०० मधल्याच शब्दांवर. अधिकारी विचारतो, अमुक शब्दाचा अर्थ काय, आणि ‘नाही’ अशी खूण केलेला माणूस गप्प होतो. आपण ज्यावर सही केली तो अर्ज शब्दन् शब्द वाचून जा.

नावाबद्दल जरा थांबून बोलतो, कारण मराठी घरांत हा घोळ हमखास असतो. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. कुणाच्या भारतीय पासपोर्टात मधलं नाव पहिल्या नावाला चिकटलेलं, कुणाचा आडनावाचा रकाना कोरा, म्हणून अमेरिकेच्या कागदांवर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (‘फर्स्ट नेम अननोन’, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) छापलेलं. लग्न झालेल्या स्त्रीचा दहावीचा दाखला माहेरच्या नावाचा, पासपोर्ट सासरच्या. एन-४०० मध्ये नाव बदलून मागता येतं, पण तो बदल न्यायाधीशासमोरच्या शपथविधीतच होतो, त्यामुळे काही ठिकाणी तारीख लांबते. नाव नीट करून घ्यायची ही उत्तम वेळ आहे, असं माझं ठाम मत आहे. मात्र बदललात तर भारतातल्या बँका, पॅन आणि फ्लॅटचे कागद यांच्याशी ते जुळवण्याचं काम अंगावर येतं. विवाह नोंदणीचा दाखला आणि नावबदलाचा आदेश यांच्या प्रती कायम जवळ ठेवा.

आता शपथेचा दिवस. मुलाखतीनंतर काही बदललं का, परदेशप्रवास केला का, हे एन-४४५ या फॉर्मवर पुन्हा विचारतात. ग्रीन कार्ड काढून घेतात. शपथ होते, नॅचरलायझेशन सर्टिफिकेट हातात येतं. दालनाबाहेर पडण्याआधी नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख वाचा. चूक तिथेच दाखवली तर सोपी, नंतर महिने जातात.

आणि इथे एक पोकळी येते. ग्रीन कार्ड गेलं. अमेरिकन पासपोर्ट अजून नाही, त्याच्या अर्जासोबत मूळ सर्टिफिकेट पाठवून दिलं. कपाटात भारतीय पासपोर्ट आहे, मुदत शिल्लक आहे, पण त्यावर प्रवास करणं आता गुन्हा आहे. म्हणजे काही आठवडे तुम्ही देशाबाहेर जाऊ शकत नाही. शपथेच्या पुढच्या महिन्याची भारताची तिकिटं काढू नका. सर्टिफिकेट पाठवण्याआधी त्याच्या रंगीत प्रती काढा. विनापरवाना प्रत काढू नये असा मजकूर त्यावर असतो, पण कायदेशीर कामासाठी प्रत काढता येते. घरातलं माणूस अत्यवस्थ असेल तर पासपोर्ट एजन्सीत तातडीची भेट मिळू शकते, आणि भारताच्या वकिलातीकडे तातडीचा व्हिसा मागता येतो. ही सोय आहे, पण तिच्यावर विसंबून बेत आखू नये.

अमेरिकन पासपोर्ट आला की भारतीय नागरिकत्व त्यागाचा अर्ज गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर भरायचा आणि कागद व्हीएफएस या वकिलातीसाठी अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीमार्फत द्यायचे. जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत मिळतो आणि सोबत प्रमाणपत्र. हे टाळत राहिलात तर दंड होऊ शकतो आणि ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड, अडकतं. ज्यांनी १ जून २०१० पूर्वी नागरिकत्व घेतलं त्यांच्यासाठी नियम वेगळे आणि सौम्य आहेत.

मुलांचं वेगळं आहे. अठराच्या आतलं मूल ग्रीन कार्डधारक असेल आणि नागरिक झालेल्या पालकाच्या ताब्यात, त्याच्याजवळच अमेरिकेत राहत असेल, तर ते आपोआप नागरिक होतं. त्याला परीक्षा नाही. म्हणून मूल सतराच्या पुढे गेलं असेल तर स्वतःची शपथ लांबवू नका. अठरा झाल्यावर त्याला स्वतःचा एन-४०० भरावा लागेल.

ओसीआयला पुष्कळ जण दुहेरी नागरिकत्व म्हणतात. ते तसं नाही, तो आयुष्यभराचा व्हिसा आहे. भारतात राहता येतं, नोकरी-व्यवसाय करता येतो, मतदान आणि सरकारी नोकरी नाही. पत्रकारिता, संशोधन, मिशनरी काम, गिर्यारोहण यांना वेगळी परवानगी लागते. मतदार यादीत गावी अजून नाव असेल तर फॉर्म ७ भरून काढून घ्या.

शेतजमिनीचं स्पष्ट सांगतो. अनिवासी भारतीय असताना शेतजमीन विकत घेता येत नव्हतीच, ओसीआय झाल्यावरही येत नाही, आणि बक्षीसपत्रानेही घेता येत नाही. वडिलोपार्जित शेती वारसाहक्काने मिळू शकते, सातबाऱ्यावर नाव लागू शकतं. विकायची झाली तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. म्हणून ‘मुलाच्या नावावर आत्ताच बक्षीसपत्र करून टाकू’ असं वडील म्हणत असतील, तर ते थांबवा.

परत भारतीय व्हायचं असेल तर भारतीय नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ मध्ये वाट आहे: ओसीआय म्हणून नोंदणी होऊन पाच वर्षं, आणि अर्जाच्या आधीचे बारा महिने भारतात वास्तव्य. त्या वेळी अमेरिकेचं नागरिकत्व सोडावं लागतं, आणि त्या देशाच्या कराची कागदपत्रंही नीट मिटवावी लागतात.