ट्रक पाणी खातोय पण खाली थेंब नाही? हेड खोलायच्या आधी कंप्रेसर बघा

नमस्कार मंडळी. ही मागे उभी आहे ती जुनी टाटा 1613, आत कमिन्सचं 6बीटी इंजिन, 5.9 लिटर, सहा सिलेंडर. मालक म्हणतो गाडी रोज लिटर-दीड लिटर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरचं पाणी, खाते, खाली थेंब पडलेला दिसत नाही, आणि एका गॅरेजवाल्याने बोनेट उघडल्या उघडल्या सांगून टाकलं की हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील, गेलंय, हेड उतरवावं लागेल. थांबा जरा. पाणी गायब होत नसतं, ते कुठेतरी जातंच, ते कुठे जातंय हे आधी शोधायचं, पाना नंतर हातात घ्यायचा.

पहिलं काम सकाळी, गाडी रात्रभर थंड झालेली असताना. गरम गाडीच्या रेडिएटरची कॅप कोणी उघडायची नाही, वाफ तोंडावर येते, हे सांगायला नको तरी सांगतो. टॉर्च घ्या आणि होजच्या क्लिपा, रेडिएटरचे जोड, वॉटर पंपाखालचं छोटं भोक, सगळीकडे पांढरे-हिरवे डाग बघा. गरम इंजिनवर पडलेला थेंब लगेच वाळतो, डाग तेवढा मागे राहतो. म्हणून तर खाली ओलं दिसत नाही. आणि ते पंपाचं भोक ठिबकत असेल तर पंपाचा सील गेलाय, त्यात एम-सील भरून बंद करणारे महाभाग आहेत आपल्याकडे, तसं करू नका, ते पाणी मग बेअरिंगमध्ये जातं.

मग प्रेशर टेस्टर, म्हणजे काटा असलेला हातपंप. कॅपच्या जागी लावायचा, हाताने पंप मारायचा, पण कॅपवर छापलेल्या आकड्याच्या वर जायचं नाही. पंधरा मिनिटं काटा बघत बसा, पडला तर कुठेतरी गळतंय. थंड गाडीवर करायचं कारण असं की रबर आणि क्लिप थंडीत आकसतात आणि काही लिकेज फक्त तेव्हाच सुटतात, गाडी तापली की आपोआप बंद. कॅप पण तपासा हो, कॅपला कोणी विचारतच नाही. साधं पाणी 100 डिग्रीला उकळतं, 0.5 बारची कॅप नीट धरत असेल तर 111च्या आसपास. कॅपची स्प्रिंग मेलेली असेल तर खंबाटकी घाट चढताना पाणी उकळून ओव्हरफ्लो पाइपातून बाहेर, आणि दोष हेडला.

काटा पडला नाही, डाग नाही, कॅप चांगली. आता आत. डिपस्टिक काढा, ऑइल दुधाळ आहे का बघा, असेल तर त्यात पाणी जातंय. नुसत्या फिलर कॅपच्या आत पावसाळ्यात थोडी फेसाळ साय दिसली तर घाबरू नका, कमी फिरणाऱ्या गाडीत ती दमटपणाने पण येते. उलट रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग असेल तर ऑइल कूलरकडे, म्हणजे कूलंटने इंजिन ऑइल थंड करणाऱ्या भागाकडे, बघा, या इंजिनात तो ऑइल फिल्टरच्या मागे ब्लॉकमध्येच बसतो, आणि चालू इंजिनात ऑइलचं प्रेशर पाण्यापेक्षा जास्त असतं म्हणून तेल पाण्यात ढकललं जातं.

आता या गाडीची खरी गोष्ट. कॅप काढून थंड इंजिन चालू केलं तर रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे, थांबतच नाहीत. इथेच सगळे म्हणतात हेड गॅस्केट, सिलेंडरमधला गॅस पाण्यात घुसतोय. पण ट्रकला एअर ब्रेक असतात ना? ब्रेकची हवा भरणारा कंप्रेसर असतो आणि त्याच्या हेडमधून आपल्याच इंजिनचं कूलंट फिरतं. त्या छोट्या हेडचं गॅस्केट गेलं की हवा पाण्यात घुसते, पाण्याला ओव्हरफ्लोतून बाहेर फेकते, आणि इंजिन बंद असताना पाणी कंप्रेसरमध्ये उतरतं. कारवाल्या मेकॅनिकच्या डोक्यात हे येतच नाही.

कसं ओळखायचं? चाकांना दगड लावा, गाडी न्यूट्रलला. हवा भरू द्या. टाकी भरली की अनलोडर, म्हणजे कंप्रेसरचं हवा भरणं थांबवणारा वॉल्व्ह, सुटतो, फुस्स आवाज येतो, आता कंप्रेसरवर लोड नाही. नेमक्या त्याच वेळी रेडिएटरमध्ये बघा. या गाडीत बुडबुडे जवळजवळ थांबले. आता आतल्या माणसाला ब्रेक पाच-सहा वेळा मारायला सांगा, हवा उतरते, कंप्रेसर परत लोडवर येतो, आणि हे बघा, परत सुरू! इंजिनचं हेड गॅस्केट असतं तर त्या बुडबुड्यांना अनलोडरशी काही घेणं-देणं नसतं, ते चालूच राहिले असते.

दुसरी खात्री एअर टाकीखालचा ड्रेन उघडून. थोडं पाणी आणि तेल तिथे सगळ्यांच्याच निघतं, पण याच्यात हिरवं आलं, बोटाला बुळबुळीत. चाखून बघणारे पण असतात, अजिबात नको, कूलंटमधलं ग्लायकॉल विष आहे.

याला कंप्रेसरचं हेड उतरवलं, गॅस्केट दोन वॉल्व्हच्या मधल्या पट्टीत फाटलेलं होतं. नवीन गॅस्केट टाकलं, हेडवर सरळ पट्टी ठेवून ते सपाट आहे का बघितलं, आणि सगळ्या एअर टाक्या पूर्ण रिकाम्या केल्या, कारण कूलंट ब्रेकच्या वॉल्व्हपर्यंत जाता कामा नये. कूलंट भरताना हळू भरा, घाई केली तर आत हवा अडकते आणि पहिल्याच चढाला काटा वर जातो. पुढचे काही दिवस रोज सकाळी लेव्हल बघायची आणि टाकीचा ड्रेन पण उघडायचा, हिरवं परत येतच राहिलं तर कंप्रेसरच्या हेडला तडा असू शकतो, मग नुसतं गॅस्केट बदलून भागणार नाही.