मोझेस मेयेकिसो: यार्डापासून संसदेपर्यंत

दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्ग शहरात सँडटन या श्रीमंत भागाला खेटून अलेक्झांड्रा ही काळ्या कष्टकऱ्यांची वस्ती आहे. १९८०च्या दशकात, वर्णद्वेषी राजवटीत, ती जेमतेम चौरस मैलाची होती आणि इथे घर म्हणजे बहुधा यार्डातली एक खोली. यार्ड म्हणजे आपल्या चाळीचं आवारच: भोवती बिऱ्हाडं, नळ सामायिक, संडास बादलीचे.

मोझेस मेयेकिसो याच वस्तीत राहत. जन्म १९४८चा, देशाच्या आग्नेयेकडच्या ट्रान्सकाय या ग्रामीण प्रदेशातला. मोटार कारखान्यात नोकरी, तिथेच कामगार प्रतिनिधी, पुढे धातुकामगार संघटनेचे पूर्णवेळ संघटक. नोव्हेंबर १९८४च्या दोन दिवसांच्या बंदनंतर त्यांना अटकही झाली.

कारखान्यात प्रत्येक विभाग आपला प्रतिनिधी निवडायचा. त्याने विभागाचं म्हणणं वर न्यायचं आणि वरचं उत्तर परत आणायचं. स्वतःच्याच मनाने निर्णय घेतला, तर कामगार त्याला बदलणार. फेब्रुवारी १९८६मध्ये मेयेकिसोंच्या अध्यक्षतेखाली अलेक्झांड्रा ॲक्शन कमिटी उभी राहिली आणि हीच घडी वस्तीत बसली. आधी यार्ड समिती, मग ब्लॉक, मग रस्ता, सर्वांत वर ॲक्शन कमिटी. भाडेकरूंचं भांडण, साचलेला कचरा यार्डातच मिटवायचा. घरभाडं देणं थांबवायचं का, हा प्रश्न मात्र सगळ्या पायऱ्या चढून जायचा. अडचण एवढीच, की यार्डाची बैठक चुकली की वरची समिती हवेत बोलू लागते. शिवाय त्या काळी अनेक वस्त्यांत तरुणांची लोकन्यायालयं फटक्यांची शिक्षा देत. त्यांना आवर घालणं सोपं नव्हतं.

जून १९८६मध्ये परदेशातून परतताच मेयेकिसोंना विमानतळावर पकडण्यात आलं. ते कोठडीत असतानाच, १९८७मध्ये, नव्याने स्थापन झालेल्या नुम्सा या धातुकामगार संघटनेने त्यांना सरचिटणीस निवडलं. खटला देशद्रोहाचा होता. या समित्या म्हणजे राज्य उलथण्याचा कट, असं सरकारी पक्षाचं म्हणणं. एप्रिल १९८९मध्ये न्यायालयाने त्यांना आणि चार सहकाऱ्यांना निर्दोष सोडलं.

१९९२मध्ये देशभरच्या वस्त्यांतल्या अशा नागरी समित्यांनी एकत्र येऊन सॅन्को ही राष्ट्रीय संघटना स्थापन केली. मेयेकिसो तिचे पहिले अध्यक्ष. दोनच वर्षांत ते एएनसी (आफ्रिकन नॅशनल काँग्रेस) या मंडेलांच्या पक्षातर्फे संसदेत गेले. त्यांच्यासारखे कितीतरी अनुभवी कार्यकर्ते संसदेत, प्रांतांत, नगरपालिकांत गेले आणि नागरी समित्यांत बैठका लावणारी माणसंच उरेनात. पुढे मेयेकिसोंनी एएनसी सोडली. २०१४च्या निवडणुकीत ते वर्कर्स अँड सोशलिस्ट पार्टीच्या उमेदवार यादीत पहिल्या क्रमांकावर होते. पक्षाला एकही जागा मिळाली नाही.