दुसरा आठवडा

(ठाण्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावरील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'मराठी सिनेमा प्रदर्शित कसा व्हावा'. वेळ चाळीस मिनिटं. त्यातली सात सत्कारात गेली, आणि हा नारळ मला परत बसमधून घरी न्यायचाय. घोडबंदरची मंडळी अजून वाटेतच आहेत असं कळतंय, तेव्हा ती पोचेपर्यंत मी मुद्द्याला हात लावत नाही.

मी सिनेमावाला नव्हे. जन्मभर बँकेत लोकांच्या नोटा मोजल्या आणि स्वतःच्या होत्या तेवढ्या तिकीटखिडकीवर सरकवल्या. मल्हार, गणेश, आनंद, वंदना ही नावं घेतली की इथले निम्मे चेहरे पंचवीस वर्षांनी लहान होतात. आमच्या नातवाला वंदना म्हणजे फक्त एसटी डेपो वाटतो.

तर गोष्ट सांगतो. मी नववीत होतो, आणि आत्याबरोबर सहाच्या खेळाला गेलो होतो. थिएटरचं नाव सांगत नाही, कारण मालकांचे नातेवाईक इथे असतील तर चहा मिळायचा नाही. प्रिंट महाग, म्हणून एकच प्रिंट दोन थिएटरांत फिरायची. इथलं रीळ संपलं की डब्यात घालून पोऱ्या सायकलवरून ते मुलुंडला न्यायचा. कधी तिकडून इकडे. दोन्हीकडच्या खेळांत तासभराचं अंतर. त्या दिवशी मुलुंडचा खेळ आधी होता आणि रिळं तिकडून यायची होती. आता हजार फुटांचं रीळ चालतं अकरा मिनिटं. आम्ही पोरं सेन्सॉरच्या सर्टिफिकेटवर रिळांचा आकडा वाचून ओरडायचो, "चौदा!" म्हणजे अडीच तास पक्के. सिनेमा कसा आहे ते नंतर, आधी पैसे वसूल होणार का ते बघायचं.

जुलैचा पाऊस. नायक तुरुंगात गेला आणि नववं रीळ संपलं. पडदा पांढरा. दिवे लागले. मध्यंतर तर मघाशीच झालं होतं, त्यामुळे लोकांनी दुसरं मध्यंतर साजरं केलं आणि वडे संपले. वीस मिनिटांनी शिट्ट्या सुरू. तेवढ्यात सायकल आली म्हणून ओरडा झाला, दिवे विझले आणि पडद्यावर नायक मुंडावळ्या बांधून उभा! मागून कोणीतरी विचारलं, "ओ, दहावं कुठंय?" केबिनच्या भोकातून ऑपरेटरनं डोकं काढलं. "दहावं मुलुंडलाच राहिलंय! मिळालं की लावतो!" आणि खरोखर लावलं. अकराव्यानंतर. म्हणजे आधी लग्न, मग तुरुंग. आत्या म्हणाली, "बरोबरच लावलंय की." काका तिच्या पलीकडेच बसले होते.

हसा, पण पुढचं ऐका. तो सिनेमा त्या थिएटरात पाच आठवडे होता. आम्ही तिसऱ्या आठवड्यात नीट क्रमानं बघायला पुन्हा गेलो, आणि आत्यानं वाड्यातल्या चार बायका बरोबर आणल्या. आज मी एखादा मराठी सिनेमा शुक्रवारी बघतो, शनिवारी तुम्हाला सांगतो, तुम्ही रविवारी सूनबाईला विचारता, ती मंगळवारी मोबाइलवर शो शोधते, आणि तोवर तो गेलेला असतो.

हे पूर्वीपासून असं नव्हतं. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. एका थिएटरात. पुढं कित्येक वर्षं सिनेमा मुंबई, पुणे करत तालुक्याला आणि शेवटी जत्रेतल्या तंबूत पोचायचा. त्याच्याआधी त्याची कीर्ती पोचलेली असायची. 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ला आला तेव्हा पहिल्या दिवसांत पडला म्हणूनच बोलत होते. मग मिनर्व्हात पाच वर्षांवर चालला. आजच्या हिशेबानं त्याला सोमवारी सकाळी उतरवला असता.

आता माझं दुखणं. २०१५ साली सरकारनं मल्टिप्लेक्सना सांगितलं, मराठीला प्राइम टाइम द्या. आधी सहा ते नऊ म्हणाले. गदारोळ झाला, शोभा डे यांनी पॉपकॉर्नऐवजी मिसळ अशी ट्वीटवर खिल्ली उडवली, मग ठरलं बारा ते नऊ. दुपारी बारा हा प्राइम टाइम! अहो, दुपारी बाराला ठाणेकर कुठं असतो? मुंबईत असतो. सकाळी ८:१२ला लटकत गेलेला माणूस बाराला मॉलमध्ये येणार कसा? येणार आपण, म्हणजे आपला कट्टा. गेल्या पावसाळ्यात आम्ही तिघं गेलो. पोरगा नम्रपणे म्हणाला, "अंकल, मिनिमम पाच लोक लागतात." मी म्हटलं, पाचांचे पैसे देतो. तर म्हणाला, सिस्टीम घेत नाही. बरोबरचे दोघं थेट मिसळ खायला गेले, मी मात्र मॅनेजरला… हो, हो. चिठ्ठी मिळाली. दहा मिनिटं? सहा? आठला हॉल भजनी मंडळाला द्यायचाय. बरं. म्हणजे मुख्य विषय आता भराभर.

ऐका. २००९ला निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांचं भांडण झालं, दोन महिने नवे हिंदी सिनेमे लागले नाहीत. मग तडजोड झाली ती अशी: पहिल्या आठवड्याच्या गल्ल्यात निर्मात्याकडच्यांचा वाटा ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस, पुढं तीस. वाटा दर आठवड्याला घटणार असेल तर सगळा जोर पहिल्या शुक्रवारीच लागणार. पूर्वी प्रिंटांना पैसे पडायचे म्हणून हात आखडता असायचा, आता डिजिटलमुळे गावोगाव एकदम लावता येतो. म्हणून लावतात. शंभर ठिकाणी, रोज एकेक शो, तोही भलत्या वेळी.

माझं म्हणणं, नाटकासारखं करा. गडकरी रंगायतनला प्रयोग रविवारी साडेचारला म्हणजे साडेचारला, आठवडाभर आधी जाहिरात. तसा मराठी सिनेमा आधी दहाच थिएटरांत लावा, पण रोज संध्याकाळी सातलाच, आणि चार आठवड्यांचा लेखी करार. वाटा उलटा करा, पहिल्या आठवड्यात कमी आणि चौथ्यात जास्त. ठाणे, डोंबिवली, पुणे झालं की मग नाशिक, कोल्हापूर. कोणी म्हणेल, तोवर ओटीटीवर येईल. हिंदीला मल्टिप्लेक्स आठ आठवडे थांबायला लावतातच ना? मराठीनंही थांबावं. आणि हे स्वप्नरंजन नाही. 'बाईपण भारी देवा' ३० जून २०२३ला आला. पहिल्यापेक्षा दुसऱ्या आठवड्यात त्याचा गल्ला जास्त होता. कारण तोवर बायकांनी एकमेकींना सांगितलं होतं. आमच्या आत्यासारखंच.

टाळकरी दारात आलेत, उठतो. एकच घोषणा: परवा शुक्रवारी एक मराठी सिनेमा लागतोय. ठाण्यात त्याला एकच शो आहे, सकाळी १०:२०. मी आणि सौ. धरून दोन झालो. किमान तिघं हवेत. नावं बाहेर चपलांपाशी द्या, आणि दोन रिक्षा कराव्या लागतील, एकीत पाच जण घेत नाहीत.